माई, सगळ्या हीट एकटीने घेऊ नकोस

चि. माईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर आपले बोलणे अर्धवट राहिले. तू रागाने फोन ठेवलास, त्याचे मी मनावर घेतलेले नाही. डॉक्टरांनी अजून प्रवासाला आणि लिहिण्या-वाचण्याला मनाई केली आहे, म्हणून मी सांगतो आहे आणि अक्काची धाकटी हे लिहून घेते आहे. आपल्या ओतकामाच्या कारखान्याविषयीच लिहायचे असे ठरवून बसलो होतो, परंतु आधी हे विचारल्यावाचून राहवत नाही की, रात्रीच्या हीटला, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या फेरीला, हल्ली तू एकटीच भट्टीवर उभी असतेस, असे वॉचमनकाका म्हणाले, ते खरे का?

आपल्याला सोडून गेलेल्या त्या दोघांनी, सुपरवायझरने आणि त्याच्या जोडीदाराने, केले ते वाईटच केले. नोकरी सोडून स्वतःचा कारखाना काढणे हा गुन्हा नव्हे. पण आपला पगार घेत असताना गोकुळ शिरगावला शेड बघायची, आपल्याच टेबलावर बसून आपल्याच गिऱ्हाइकांना कमी दराची कोटेशने पाठवायची, आणि राजीनाम्याच्या दिवसापर्यंत तोंडावर 'ताई, ताई' म्हणत राहायचे, याला विश्वासघात याखेरीज दुसरा शब्द नाही. त्यांच्याकडे वळलेल्या पंपवाल्या गिऱ्हाइकांचा टेम्पो पॅटर्न, म्हणजे साचे पाडायचे नमुने, न्यायला आला, त्या दिवशी तू कशी वागलीस ते मला फोरमनने सांगितले. पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचे असतात आणि ते मागतील तेव्हा द्यावे लागतात, हे खरे; पण त्यांवरचे रनर आणि रायझर, म्हणजे रस आत जायच्या वाटा आणि भर घालणारे रसाचे साठे, कुठे बसवायचे हे आपण कितीतरी हीट वाया घालवून ठरवले होते, आणि ती मेहनतही त्याच टेम्पोतून गेली. तरीही तू प्रत्येक पॅटर्न पुसून, तेलाचा हात फिरवून, चलनावर नोंद करून दिलास. माझ्याच्याने ते झाले नसते. मी तुझ्या आईला सांगितले, तर ती नुसती मान हलवून आत गेली.

आता कोर्टाचे. जे राहिले आहेत त्या सर्वांकडून, सोडून गेल्यावर तीन वर्षे दुसऱ्या फाउंड्रीत काम करणार नाही, असा बाँड लिहून घ्यायचा तुझा विचार आहे. पण १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ असे आहे की, कोणाला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो, आणि नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडची न्यायालये सहसा मानत नाहीत. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीच्या खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली, ती त्या माणसाचा पाच वर्षांचा करार अजून चालू होता म्हणून. तेव्हा बाँडचा कागद करून हाती काही लागणार नाही, आणि प्रामाणिक माणसे मात्र दुखावतील. त्या दोघांनी आपली ड्रॉइंग आणि मेथडची, म्हणजे ओतण्याच्या पद्धतीची, कार्डे कॉपी करून नेल्याचा पुरावा असेल, तर गोष्ट वेगळी. तेवढे वकिलांना जरूर दाखव.

तुला वाटेल, नाना नेहमीप्रमाणे कामगारांचीच बाजू घेतात. तसे नाही गं. म्हादबा मेस्त्रींच्या काळापासून कोल्हापुरात एकाच्या हाताखाली शिकलेला मिस्त्री बाहेर पडून स्वतःचे शेड टाकत आला, आणि उद्यमनगर वाढले ते बरेचसे अशाच माणसांमुळे. मीही तसाच बाहेर पडलो. फरक इतकाच, की जागा बघायच्या आधी मी मालकांच्या घरी जाऊन त्यांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "माझ्या गिऱ्हाइकाच्या पायरीवर दिसू नकोस." आणि निघताना मोल्डिंगचे जुने बॉक्स घेऊन जा म्हणाले. ते असेपर्यंत मी त्यांच्या एकाही गिऱ्हाइकाला कोटेशन दिले नाही, ऑइल इंजिनवाले स्वतःहून आले तेव्हासुद्धा नाही. बापूंनी त्या वेळी मला वेड्यात काढले होते, ते तू लहानपणी ऐकले आहेसच.

सांगायचे होते कारखान्याचे आणि मी माझेच पुराण लावले. उपदेशही फार झाला, रागावू नकोस.

पण रात्रीच्या हीटचे पुन्हा लिहितो. भंगार भट्टीत चार्ज करण्याआधी हाताने उलटेपालटे करून बघण्याची सवय त्या सुपरवायझरला मीच लावली होती, आणि बाकी काही असो, त्या कामात त्याने कधी हयगय केली नाही. ओले बोअरिंग, म्हणजे लोखंडाचा कीस, किंवा दोन्ही तोंडे बंद असलेला पाइपचा तुकडा वितळलेल्या लोखंडात गेला, तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन रस बाहेर उडतो. ती नजर आता नव्या पोरांना यायची आहे. तू दिवसभर ऑफिस, बँक, गिऱ्हाइके सांभाळून रात्री भट्टीपाशी उभी राहणार, तेही आता कोणावरच भरवसा ठेवायचा नाही म्हणून, तर तुझी नजर तरी पहाटे तीन वाजता शाबूत राहील का? कॅमेरे हवे तेवढे लाव. मात्र फोरमनच्या हाती भट्टी दे. चिल टेस्टसाठी ओतलेला लोखंडाचा तुकडा फोडून त्याच्या कडेचा पांढरा पट्टा बघितला, की स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट यायच्या आत तो कार्बनचा अंदाज सांगतो. तुझा नवा स्पेक्ट्रो उत्तमच आहे, आणि बेअरिंग हाउसिंगचा रायझर बदलून तू रिजेक्शन खाली आणलेस ते मी चार जणांना सांगत असतो. पण तो फोरमन उद्या कंटाळून निघून गेला, तर ते नुकसान पंपवाल्यांपेक्षा मोठे आहे. त्याचा पगार या महिन्यातच वाढव, आणि काय चालले आहे ते त्याला समोर बसवून सांग.

ट्रॅक्टरच्या पार्ट्सवाल्यांकडे फोन न करता स्वतः जा. त्यांनाही कमी दर मिळाला असणार. दर उतरवू नकोस. गेल्या वर्षीचे रिजेक्शनचे आकडे आणि डिलिव्हरीच्या तारखा पुढे ठेव. पंपवाल्यांकडे अडकलेले बिल मागायला संकोच करू नकोस, लघुउद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो, आणि पॅटर्न नेले म्हणून बाकी बुडत नाही.

तुझ्या मामांनी पैशांविषयी विचारले आहे. मी हो किंवा नाही काहीच कळवलेले नाही, ते तू ठरव. गुरुवारी मला पुन्हा तपासायला बोलावले आहे. तोवर रात्रीच्या पाळीला कोण असेल, त्या माणसांची नावे अक्काच्या फोनवर पाठव.

तुझे,
नाना