अबोला धरायचा तर घरात राहून धर

बाळा,

सलाम. आपल्याकडे पत्राची पहिली ओळ ठरलेली असते, प्रभूच्या गोड नावात सलाम वगैरे, पण तू आत्ता ज्या मूडमधे आहेस त्यात ते वाचून अजूनच चिडशील म्हणून नुसता सलाम लिहिते, बाकीचं तू धरून घे.

तुझा तो रात्री पाऊण वाजताचा व्हॉइस मेसेज मी चार वेळा ऐकला. पप्पांना ऐकवला नाही, त्यांचं बीपी तुला माहितीये. फोन करणार होते पण फोनवर मी रडते आणि मग तूच मला समजावत बसतोस, म्हणून टाईप करतेय, एका बोटाने, चष्मा लावून, तर चुका सांभाळून घे.

तू म्हणालास, मम्मी मला प्रार्थनाच होत नाही, डोळे मिटले की सोनोग्राफीचा तो स्क्रीन समोर येतो आणि ती डॉक्टर गप्प झालेली आठवते. मार्चमधे एकदा पोटातलं बाळ गेलं आणि आता परत तेच. आणि म्हणालास की मी आता खोटं खोटं "आमेन" म्हणणार नाही.

नको म्हणूस. खरंच सांगते, नको म्हणूस. पण माझं जरा ऐक.

आधी त्या माणसाबद्दल बोलते कारण ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. बाहेरून आलेला तो वक्ता, उपास प्रार्थनेला सगळ्यांसमोर तुमच्या दोघांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणे की विश्वास कुठेतरी कमी पडतोय. माझ्या हातात लाटणं असतं ना त्यावेळी तर बघितलं असतं. त्याला एवढंच विचारायचं होतं की बाबा, प्रेषित पौलाचा जोडीदार त्रफिम, त्याला पौलाने मिलेत गावात आजारीच ठेवलं आणि तो पुढे निघून गेला, तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी चक्क लिहिलंय, तर तिथे कोणाचा विश्वास कमी पडला होता, पौलाचा? आणि पौलाने स्वतःच्या शरीरातल्या त्या काट्यासाठी, म्हणजे त्रासासाठी, देवाला तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, तुला माझी कृपा पुरे एवढंच उत्तर आलं. हे असले लोक ही पानं कधी उघडतच नाहीत बहुतेक. तू मात्र त्याच्या बोलण्यावरून देवाचं माप काढू नकोस, तो वक्ता म्हणजे देव नव्हे.

आणि हो, दोनदा असं झालं की डॉक्टर दोघांच्याही टेस्ट करायला सांगतात, त्या करून घ्या. मुद्दाम "दोघांच्याही" लिहिलं. आपल्यात काही जणांना वाटतं डॉक्टरकडे गेलं म्हणजे विश्वास नाही. प्रार्थना आणि डॉक्टर काही एकमेकींच्या सवती नाहीत.

अजून एक, सूनबाईला बायबलमधल्या हन्नाची, मूल होत नाही म्हणून देवाकडे रडत मागणाऱ्या त्या बाईची, गोष्ट सांगू नका कोणी. चर्चच्या मंडळीतल्या आतापर्यंत सहा-सात बायकांनी तरी सांगितली असेल. हन्नाला शमुवेल झाला, म्हणून ती गोष्ट सांगणाऱ्याला गोड लागते, जिला नाही झालं तिने ऐकून काय करायचं? त्यातला मला आवडणारा भाग वेगळाच आहे, की ती एवढी रडत नुसते ओठ हलवत होती की एली याजकाला वाटलं ही दारू पिऊन आलीये. म्हणजे खरी प्रार्थना चालली होती आणि देवळातल्या माणसालाच ती ओळखू आली नाही! हे कोणी सांगत नाही.

आता आजीचं सांगते. तुला आजी आठवते ती खाटेवरची, पण मी लग्न होऊन आले 1991 ला तेव्हा ती सकाळी साडेपाचला चुलीपुढे बसायची. गॅस होता घरात, पण भाकरी चुलीवरच. काठवटीत ज्वारीचं पीठ, त्यात कढत पाणी, मग तळव्याने रगडून रगडून मळायचं आणि एक एक गोळा तोडायचा. आणि एका भाकरीला एक नाव. मी पहिले काही दिवस समजायचे की सासूबाई पुटपुटतात, वय झालंय. मग एक दिवस नीट ऐकलं तर गोळा थापताना माझं नाव, माझ्या आईचं नाव, माझ्या धाकट्या भावाची दहावी. भाकरी तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला की ते नाव झालं, पुढचा गोळा, पुढचं नाव. गुडघे दुखायचे तिचे म्हणून गुडघ्यावर बसून प्रार्थना तिने कधी केलीच नाही, जी केली ती तिथे, धुरात, डोळे उघडे ठेवून, नाहीतर भाकरी करपेल.

पहिली भाकरी धाकट्या काकांची. ते 1988 ला भांडून मुंबईला गेले ते गेलेच, दारू होती, पत्र नाही काही नाही. घरात खाणारी माणसं सात आणि भाकऱ्या रोज दोन जास्तीच्या, एक काकांच्या नावची आणि एक कोण दारात येईल त्याची. अकरा वर्षं. 1999 ला कल्याणहून निरोप आला की ते गेले, आणि तोही आठ दिवस उशिरा. तू तीन वर्षांचा होतास. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर उठले की आज आपण करू भाकरी, तर ही आधीच बसलेली. आणि पहिला गोळा तेवढाच, थापला, तव्यावर टाकला. माझ्याच्याने राहवेना, म्हणलं आई आता ही कोणाची. तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, पीठ मळलंय तर थापावं लागेल ना.

मला त्यावेळी राग आला होता, खरं सांगते. वाटलं हिला काही वाटतं की नाही. अकरा वर्षं मागितलं, मिळालं नाही, आणि ही परत तिथेच बसलीये.

पण मला एक आधीचं माहीत होतं म्हणून मी गप्प बसले. ते तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. तुझ्याआधी एक होतं. 1993 ला, सातव्या महिन्यात. मुलगी होती. दवाखान्याच्या कागदावर "बेबी ऑफ" आणि पुढे माझं नाव, तेवढंच तिचं नाव. पप्पांनी तो कागद बरीच वर्षं एलआयसीच्या फाईलमधे ठेवला होता, आता कुठे आहे मी विचारत नाही. मलाही लोकांनी तेव्हा तेच सगळं सांगितलं जे आता तुम्हाला सांगताहेत, देवाची योजना आहे, देवाला ते फूल आवडलं. देवाला आवडलं म्हणे. मी वर्षभराच्या वर प्रार्थना केली नाही राजा. चर्चला जायचे, सगळ्यांबरोबर उठायचे बसायचे, गाणी म्हणायचे, पण आत काही नाही. म्हणजे तू म्हणतोस ना आमेन खोटं वाटतं, मला ते ठाऊक आहे, मी त्यातूनच गेले आहे.

मी घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी चुलीपाशी आवाज नाही. भाकऱ्या होत होत्या, पण पुटपुटणं बंद. थापायचा आवाज मात्र एवढा जोरात की शेजारीण विचारायला आली काय झालं. तीन दिवस असं. चौथ्या दिवशी परत पुटपुटायला लागली. मग मी विचारलं काय झालं होतं, तर म्हणाली, "त्याच्याशी अबोला धरला होता. म्हणलं, आता तुझं तू बघ, मी तीन दिवस बोलायची नाही. लेकरू नेलंस ते नेलंस, वर माझ्या सुनेला बोलणी खायला लावतोस."

म्हणजे मी तिथे आत पडून विचार करत होते की देव नाहीच, आणि ही बाहेर बसून त्याच्याशी भांडत होती, माझ्या वतीने.

बाळा, अबोला आपण कोणाशी धरतो? नवऱ्याशी, सासूशी, सख्ख्या भावाशी. रस्त्यावरच्या माणसाशी कोणी अबोला धरतं का? तो धरायचा तर समोरचा त्याच घरात असावा लागतो, ताट त्याच्यापुढे आदळावं लागतं. माझं तुझ्याकडे मागणं एवढंच आहे. बोलवत नसेल तर बोलू नकोस, पण तिथेच बसून बोलू नकोस. घर सोडून जाऊ नकोस काकांसारखा.

आणि हे फक्त आजीचं नाही, शास्त्रातच आहे. तू स्तोत्रसंहिता काढ, 88 वं वाच. त्यात शेवटी "तरीपण मी तुझी स्तुती करीन" असलं काही येत नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरी ते त्या 150 स्तोत्रांमधे ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही. 13 वं तर सहा वचनांचं एवढंसं आहे आणि पहिल्या दोनच वचनांत चार वेळा "कोठवर" विचारलंय. आणि त्याला धरून नेलं त्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशूने काय केलं, तिसऱ्यांदा गेला तेव्हा नवीन काही सुचलं नाही त्यालाही, मत्तयात लिहिलंय की पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. बरोबर आणलेले तिघेही झोपलेले. मला हे आधी कधी दिसलंच नव्हतं, त्या वर्षात दिसलं, की तेच तेच शब्द चालतात. आणि शब्दच नसतील तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की पवित्र आत्माच आपल्यासाठी कण्हतो. कण्हणं म्हणजे काय हे मला दवाखान्यात त्या रात्री कळलं, त्यात शब्द नसतात.

लूकमधली ती विधवा पण घे, न्याय मिळावा म्हणून न्यायाधीशाच्या मागे लागलेली. सगळे पाळक तिचा चिवटपणा सांगतात, पण मला वाटतं येशूने ती गोष्ट का सांगितली ते सुरुवातीलाच लिहिलंय ना, सर्वदा प्रार्थना करावी आणि खचू नये म्हणून. माणसं खचत होती म्हणूनच सांगावी लागली ना. त्याच्याबरोबर रोज चालणारी, भाकर खाणारी माणसं. मग तू खचलास त्यात एवढं काय नवल.

मी तुमच्याकडे येताना दौंडवरून गाडी येते ना, मधे केडगाव लागतं. दरवेळी मी खिडकीकडे सरकते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै 1921 मधे गेली, चाळिशीत, आणि सगळा कारभार तिच्याच हातात द्यायचं ठरलेलं होतं. त्या स्वतः तेव्हा म्हाताऱ्या, कानाने कमी ऐकू यायचं, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणायचं काम हातात, जे शाळा न शिकलेल्या बाईलाही समजावं म्हणून घेतलं होतं. ते काम त्यांनी सोडलं नाही. एप्रिल 1922 मधे त्या गेल्या, मुलगी जाऊन नऊ महिनेही झाले नव्हते. मी नेहमी विचार करते की मुलगी गेल्यावर पहिल्या सकाळी त्या टेबलाशी बसल्या असतील तेव्हा कुठलं वचन समोर आलं असेल, आणि त्या दिवशी एक ओळ झाली असेल की अर्धी. एखाद्या दिवशी अर्धीच झाली असेल.

तर तू अर्धीच ओळ घे. मी तेच केलं होतं. चर्चमधे प्रभूची प्रार्थना सुरू झाली की मी "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" इथपर्यंत म्हणायचे आणि थांबायचे, कारण पुढे क्षमेचं येतं आणि मी त्याला क्षमा केली नव्हती. दुसऱ्या कोणाला नाही, त्यालाच. पाळकीणबाईंना मी हे सांगितलं तर त्या दचकल्या, मग म्हणाल्या, भाकरीपर्यंत म्हणता ना, मग झालं. किती महिने मी भाकरीपर्यंतच म्हणत होते. पुढचं कधी म्हणायला लागले आठवत नाही, एखाद्या रविवारी तोंडातून आपोआप निघून गेलं असेल. आणि सगळं बरं झालं असंही नाही, आजही कोणी "देवाची योजना" म्हटलं की माझ्या पोटात कळ येते.

रात्री झोपताना तिच्याशेजारी बसून तेवढी ओळ म्हण, मोठ्याने, तिला म्हण म्हणू नकोस. तीही रडत असेल तर बायबल उघडून बसू नकोस, पाणी आणून दे. तिचं माहेरही असंच भाविक आहे, तिला तिथे रडायची सोय नाही, तुझ्याकडे तरी असू दे. आणि तुला वाटलं तर तूही रड तिच्यासमोर, तुझे पप्पा त्यावेळी सायकल घेऊन बाहेर जायचे आणि लाल डोळ्यांनी परत यायचे, दोघं एका घरात आणि वेगवेगळे रडलो, ते चुकलंच आमचं.

आजी गेल्यावर माझ्याकडे काठवट आली. गॅसवरच करते मी, चूल नाही, पण नावं आहेत. पहिली तुमची दोघांची, मग एक त्या मार्चवाल्याची आणि एक आताच्याची. नाव नाही तर नाही, "बेबी ऑफ" म्हणते आणि सूनबाईचं नाव घेते. पप्पा म्हणतात भाकऱ्या रोज उरतात, मग खालच्या वॉचमनला जातात. तू सध्या प्रार्थना करू नकोस, तुझी पाळी मी लावतेय.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. उपास प्रार्थना, वक्ता, कोणी काही सांगितलं तर मम्मी येणार आहे म्हणून सांग. ज्वारीचं पीठ दळून आणते, तिथल्या पॅकेटच्या जुन्या पिठाची विरी गेलेली असते, थापताना तुटतं. तुमच्याकडे लोखंडी तवा आहे का ते सांग, मागच्या वेळी तो नॉनस्टिक होता त्यावर भाकरी फुगत नाही. नसेल तर इथलाच पिशवीत टाकते.

तुझी
मम्मी