रेवा मागे कशाला धरून बसते?

पिंपळे गुरव, बुधवार

चि. मंदारस,

अनेक आशीर्वाद.

रविवारी आपण दोघांनीही फोन रागात ठेवला. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. "बाबा, तुम्हाला कशाचा आनंदच होत नाही" हे तुझं वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढणार नाही.

आनंद झाला रे, फार झाला. तुझ्या जुन्या गाडीचा तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते आईला विचार. १९६८ ची एमजीबी जीटी, गडद हिरवी, तारांची चाकं. खालच्या मजल्यावरच्या देशपांड्यांना घरी बोलावून दाखवली. लहानपणी तू माझ्याबरोबर डेपोत यायचास आणि बसच्या बॉनेटवर कान टेकवून इंजिन ऐकायचास. त्या पोराने आपल्या कमाईने ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बांधलेली गाडी घेतली आणि सहा महिने गॅरेजमध्ये पाठीवर झोपून ती उभी केली. याचा अभिमान मला नाही वाटणार तर कोणाला वाटणार? इंजिनाचा आवाजही मी डोळे मिटून ऐकला. आयडलिंगला दोन कार्ब्युरेटरपैकी एक किंचित मागे पडतोय. दोन्ही एकत्र जुळवून घे.

पण व्हिडिओत गौरी फोन मागे वळवते, तिथे माझं बोट थांबतं. रेवा मागच्या फळकुटासारख्या सीटवर गुडघे टेकून उभी आहे. एक हात तुझ्या सीटच्या पाठीला, दुसऱ्या हाताने आम्हाला टाटा करते आहे. तिच्या मागे फक्त काच.

मी विचारलं, तिला बेल्ट कुठे आहे? तू म्हणालास, पुढे दोन आहेत, मागे कंपनीनेच दिले नव्हते, आणि तिकडच्या कायद्यात ते बसतं. बेल्ट नसलेल्या जुन्या गाडीत तीन वर्षांखालचं मूल न्यायचं नाही, पण त्यावरचं मूल मागे बसलं तर चालतं. नियम तू बरोबरच सांगितलास. वर म्हणालास, ईशान डिसेंबरमध्ये तीनचा झाला की दोघांना घेऊन वेल्सला जाऊ. त्या रात्री मला झोप लागली नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ज्या सीटवर त्याला बसवायची मनाई, तीच सीट दुसऱ्या दिवशी त्याला सांभाळायला लागते का? कायद्याने एवढंच सांगितलं की पोलीस तुला दंड करणार नाही.

गेल्या दिवाळीत तू आलास आणि पहिल्याच दिवशी माणूस बोलावून आपल्या गॅलरीला जाळी बसवून घेतलीस. मी म्हणालो, अरे, तू याच गॅलरीत वाढलास, कठडा छातीइतका उंच आहे. तू ऐकलं नाहीस, आणि बरोबर केलंस. आता हिशेब कर. ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने गाडी कशावर आदळली, तर न बांधलेल्या माणसाला बसणारा दणका सुमारे दहा मीटरवरून पडल्याइतका असतो. दहा मीटर म्हणजे आपलीच गॅलरी. वेल्सच्या रस्त्यावर तू पन्नासने थोडाच जाणार आहेस?

तुझी गाडी बांधली गेली तेव्हा तीन ठिकाणी धरणारा बेल्ट निघून नऊ वर्षं झाली होती. १९५९ साली व्होल्वोमधल्या निल्स बोलिन नावाच्या इंजिनिअरने तो काढला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. तरी मागे बसणाऱ्यांचा विचार तेव्हा फारसा कोणी करत नव्हतं. इंग्लंडात पुढच्या सीटवर बेल्ट लावायची सक्तीसुद्धा १९८३ मध्ये आली. तुझ्या गाडीत मागे बेल्ट नाही तो या अज्ञानामुळे. ते अज्ञान आपण जपून ठेवायचं कारण नाही.

हे भाषण झालं, मला कळतंय. तू चाळिशीला आलास आणि मी तुला धडे देतोय. माफ कर.

पण ब्रेकचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकतीस वर्षं मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये खड्ड्यात उभं राहून गाड्या खालून पाहिल्या. तुझ्या गाडीत ब्रेकची लाइन चारही चाकांना एकच असणार. कुठेही गळती लागली की पेडल सरळ तळाला जातं. रबरी होज बाहेरून नवा दिसतो आणि आतून फुगलेला असतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, मग लांब उतारावर तापून त्यात वाफ होते, आणि पाय दाबला की स्पंजावर ठेवल्यासारखा लागतो. वरंधा उतरून आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरचा चेहरा मी पाहिला आहे. ऑइल दर दोन वर्षांनी बदल, होज सगळेच्या सगळे नवे घाल. चाळीस वर्षांवरच्या गाडीला तिकडे वार्षिक तपासणीची सक्ती नाही, हे तू आनंदाने सांगितलंस. मला ते ऐकून धस्स झालं. सक्ती नसली तरी दरवर्षी एमओटी, म्हणजे तीच तपासणी, करून घे, दुसऱ्याची नजर गाडीखालून फिरू दे. आपल्या लाडक्या गाडीतलं वैगुण्य आपल्याला दिसत नाही.

नानाच्या गाडीबद्दल मी काही लिहिणार नाही, असं ठरवूनच बसलो होतो.

तू म्हणशील, बाबा, तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभं करून न्यायचात. हो, न्यायचो. तू हँडल धरून उभा, तोंडात श्रीखंडाची गोळी, आणि मी तुझ्या डोक्यावरून रस्ता बघतोय. तुझ्या केसांना खोबरेल तेलाचा वास यायचा. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या सकाळी त्या. आणि खडकी बाजारात कुत्रं आडवं आलं ती सकाळही त्यातलीच. वेग वीस-पंचवीस असेल, मी ब्रेक मारला आणि तुझी हनुवटी हँडलवर आपटली. चार टाके पडले. आईला आपण सांगितलं की तू घसरगुंडीवरून पडलास. ती हे पत्र वाचणार आहे, आता तिलाही कळू दे. तू दाढी करताना तिथे हात सावकाश फिरवतोस, ते मला दरवेळी दिसतं. आता इकडे चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर हेल्मेट, बांधायचा पट्टा आणि चाळीसच्या आतला वेग, असा नियम आहे. तेव्हा नियम नव्हता. पण माझ्या पुढे उभा असलेला मुलगा माझा होता, नियम कशाला हवा होता मला?

गाडी विकू नकोस. असं माझ्या मनातही नाही. मागे तीन ठिकाणी धरणारे बेल्ट जाणत्या माणसाकडून बसवून घे. नुसता कमरेचा पट्टा नको, रेवाच्या उंचीला बूस्टर, म्हणजे मुलांची उंच बैठक, लागणार आणि त्याला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो. बेल्टचा बोल्ट ज्या पत्र्यात जातो तो पत्रा आधी तपास. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळी ताकद दाराखालच्या सिलमध्ये आणि फ्लोअरमध्ये, आणि गंज नेमका तिथेच धरतो. वरून पुट्टी आणि रंग मारला की आरशासारखं दिसतं. कार्पेट उचल, बोटाने वाजव. भरीव टण्ण आवाज आला तर ठीक. भद्द आला तर स्क्रू ड्रायव्हर टोचून बघ. पत्रा सडला असेल तर कापून नवा वेल्ड कर, मागून जाड प्लेट दे. नाहीतर कितीही भारी बेल्ट लावलास तरी तो बोल्टासकट उपटून हातात येईल. आणि तिथे पक्कं बसत नाही असं त्या माणसाने सांगितलं, तर मुलं गौरीच्या गाडीतून मागून येतील. एरवी तू एकटा चालव, नाहीतर गौरीला शेजारी बसव, हवं तेवढं फिर.

नानाच्या गाडीत मिनू मागेच बसली होती रे. तिनेही आम्हाला टाटा केला होता.

पुरे करतो. आईची शुगर आता बरी आहे. बावधनच्या प्लॉटचं काम तुझ्या सहीवाचून अडलंय, ते वेगळं कळवीन.

आक्काचा नातू बारा तारखेला लंडनला येतोय. त्याच्या बॅगेत माझा इंची पान्यांचा सेट दिला आहे. तुझ्या गाडीत सगळे बोल्ट इंचीच, बेल्टचा सात-सोळांशचा. मेट्रिक पान्याने कडा मारून ठेवू नकोस. सेटमधला एक पाना थोडा वाकलेला आहे, तो तूच लहानपणी हातोडी म्हणून वापरला होतास. कार्पेट उचललंस की टॉर्च धरून खालच्या पत्र्याचा एक फोटो काढ आणि मला पाठव. जवळून काढ, वेल्ड दिसला पाहिजे.

रेवाला, ईशानला गोड पापा.

तुझे
बाबा