खड्ड्यांतून दिसलेला शरद: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय यांस,

सविनय नमस्कार.

गणेशोत्सवापूर्वी जिल्ह्यातील सर्व खड्डे बुजवले जातील, असे आपण जाहीर सभेत सांगितले होते. त्या शब्दावर विसंबून, अश्विन लागताच मी आणि माझी पत्नी पुण्याहून कास पठाराकडे निघालो, ही चूक सर्वस्वी आमची.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पठारावर पोहोचलो, तेव्हा सोनकीचे पिवळे पट्टे आणि तेरड्याचा गुलाबी रंग उन्हात उजळला होता. ओल्या कातळावर सीतेच्या आसवांची निळसर-जांभळी फुले होती. 2012 साली ज्या पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्याचाच हा भाग. परतताना आडवाटेच्या एका गावाकडे वळलो आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गाडी आदळली. पत्नीचे मनगट मोडले. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते वाचून आपण तेवढ्याच गावात डांबर ओताल. सहा किलोमीटरांत मी एकशे चाळीस खड्डे मोजले. एखादा दोनदा मोजला गेला असेल, पण ती कण्हत असताना याहून अचूक गणती मला जमली नाही. दवाखाना गाठायला अडीच तास लागले. तिचा हात प्लास्टरमध्ये आहे आणि गेले पंधरा दिवस मी कणीक मळतो आहे. पोळ्या कशा होतात, हे आपण विचारू नये.

मागणी लहान आहे. रस्त्याकडेला गटारे काढावीत, कारण साचलेले पाणीच डांबर उखडते, आणि ठेकेदाराचे नाव व त्याच्यावरील दुरुस्तीच्या जबाबदारीची मुदत फलकावर लिहावी. गाडी घेताना किमतीच्या 11 टक्के कर मी एकरकमी भरला. त्या बदल्यात भर पावसात खड्ड्यात टाकलेला आणि आठवड्यात वाहून गेलेला मुरूम मिळाला. सर्वांत कमी दराची निविदा, त्याहून कमी जाडीचा थर, मग दुरुस्तीची नवी निविदा, असे हे चक्र आहे, आणि सरकार कोणाचेही असो, त्यात खंड पडत नाही. कणसे विकणाऱ्या बाईंनी मात्र गाडीची काच खाली होताच सांगितले, "साहेब यायचे असले की रातोरात रस्ता होतो."

तेव्हा पुढील वर्षी फुलांच्या हंगामात आपला दौरा कधी आहे, तेवढे आगाऊ कळवावे. आम्ही दुसऱ्या दिवशी निघू.

आपला,
पुण्यातील एक निवृत्त शिक्षक