आधी फी, मग कर्ज?

महोदय,

‘मुद्रा योजनेत आपले ५ लाखांचे कर्ज मंजूर’ अशी पत्रे सध्या व्हॉट्सॲपवर सर्रास येतात. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला आलेले पत्र मी पाहिले. अशोकस्तंभ, गोल शिक्का, सही, सगळे साग्रसंगीत. फक्त रक्कम अंकात पाच लाख आणि अक्षरात पन्नास हजार! आधी प्रोसेसिंग फी, ती भरली की विमा, मग जीएसटी, मग ‘फाइल अडकली’ म्हणून आणखी काही. कर्ज शेवटपर्यंत येतच नाही.

मुळात मुद्रा ही संस्था कोणालाही थेट कर्ज देत नाही. ती बँका आणि वित्तसंस्थांना पुनर्वित्त, म्हणजे त्यांनी दिलेल्या कर्जांसाठी पैसा, पुरवते. अर्ज करायचा तो बँकेकडे किंवा अशा वित्तसंस्थेकडेच. खरी बँकही फी घेते, पण बहुधा कर्जाच्या रकमेतून वळती करते. कुणा ‘मॅनेजर’च्या खासगी यूपीआयवर ती कधीच मागत नाही.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली, तर ती गोठवता येते. व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, चॅट पुसू नये. बोगस कंपनीची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही करता येते.

छोट्या कर्जासाठी शाखेत दहा हेलपाटे घालावे लागतात, म्हणूनच या भामट्यांचे फावते. निदान शाखांनी दर्शनी भागात ‘मुद्रा थेट कर्ज देत नाही’ असा मराठी फलक तरी लावावा.

– एक वाचक, सांगली