मजुरांच्या छावणीची जागा कोण ठरवतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मणिपुरातल्या तुपुल इथे रेल्वेच्या कामावरची मजुरांची आणि जवानांची छावणी दरडीखाली गाडली गेली, ती कालची बातमी वाचली आणि ‘निसर्गाचा कोप’ हे शीर्षक पाहून संताप आला. सगळा दोष निसर्गावर टाकून तुम्ही मोकळे झालात. तिथे पाऊस झाला हे खरं. पण रेल्वेच्या यार्डासाठी डोंगर कापलेला, खाली इजाई नदी आणि तिथेच जून संपता संपता माणसं रात्री झोपायला. त्यांना तिथे निसर्गाने नेऊन ठेवलं नव्हतं. ढिगारा नदीत उतरून प्रवाह अडला, तेव्हा खालच्या गावांना पुराचा इशारा देण्याची तत्परता प्रशासनाने दाखवली. छावणी उभारताना ही तत्परता कुठे होती?

कोकणात रेल्वेचं काम चालू होतं तेव्हा मी एका ठेकेदाराकडे स्टोअर सांभाळत होतो. सिमेंटचं गोदाम कुठे बांधायचं यासाठी साहेब लोक सगळा परिसर हिंडले. शेवटी उंचवट्यावर चिऱ्यांचं जोतं घालून, वर फळ्या टाकून, दुहेरी ताडपत्रीचं गोदाम उभं राहिलं. मजुरांच्या झोपड्या मात्र खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला, कारण तिथे पाण्याची सोय होती आणि जागा आयती सपाट होती. पावसाळ्यात पऱ्या तिथूनच पसरतो, म्हणून ती सपाट आहे, हे गावातल्या जाणत्यांनी येऊन सांगितलं होतं. मुकादमाने ऐकून घेतलं आणि कटिंग संपेपर्यंतच तर राहायचंय म्हणाला.

जुलैत एका रात्री वर सड्यावर, डोंगरावरच्या कातळ पठारावर, पाऊस कोसळला. खाली आमच्याकडे नुसती रिपरिप होती, त्यामुळे कोणी जागं नव्हतं. पाणी आलं ते चिखल आणि ओंडके घेऊनच. बाकीचे कसेबसे भरावावर चढले. विजापूरकडचं एक जोडपं वाहून गेलं. बायकोचं नाव मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, होतं, नवऱ्याचं नव्हतं. त्याला पोटठेकेदाराने नुकताच आणला होता. ठेकेदाराने सरळ सांगितलं, तो आमचा माणूसच नव्हे. आणि पंचनामा व्हायच्या आधी माझ्याकडे काय मागितलं, तर गोदामातल्या मालाचा हिशेब. एकही गोणी भिजली नव्हती. तसं मी लिहून दिलं. त्या माणसाच्या घरच्यांना पुढे काही मिळालं की नाही, हे विचारायला गेलो तर हाकलून लावलं.

म्हणून निसर्गाचा कोप हे शब्द मला सहन होत नाहीत. न्यूझीलंडमध्ये नेपियर-गिसबोर्न रेल्वेमार्गाचं काम चालू असताना १९ फेब्रुवारी १९३८ च्या पहाटे कोपुआव्हारा नदीकाठची मजुरांची वसाहत अशीच झोपेत वाहून गेली, २१ जण गेले. तिथेही वसाहत नदीकाठच्या सपाटीवरच होती. एवढ्या वर्षांत आपण काय शिकलो?

आपल्याकडे बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. त्याच्या कलम ३४ प्रमाणे मजुरांना राहायची जागा फुकट द्यायची होती, कामाच्या ठिकाणीच किंवा होईल तितकी जवळ. स्वयंपाकाची, आंघोळीची, संडासाची सोयही त्यात होती. जवळ म्हणजे कापलेल्या डोंगराखाली किंवा ओढ्याच्या पात्रात नव्हे, हे मात्र त्या कलमात कुठे नव्हतं. पुलाच्या खांबासाठी माती तपासतात, नकाशे मंजूर होतात. छावणीच्या जागेवरही कोणा जबाबदार अभियंत्याची सही का नको? पावसाळ्याआधी एकदा येऊन बघायला किती खर्च येतो?

आणखी एक. याच जिरीबाम-इंफाळ मार्गावरच्या नोने पुलाचं, त्याच्या १४१ मीटर उंच खांबाचं कौतुक तुम्ही मध्यंतरी रंगीत छायाचित्रासह मोठं छापलंत. अभिमान मलाही वाटला. पण त्याच मार्गावर माणसं गाडली गेली ती बातमी आतल्या पानावर, जाहिरातीच्या शेजारी? प्रादेशिक सेनेच्या जवानांची नावं दिलीत, ती द्यायलाच हवीत. मजुरांच्या वाट्याला मात्र ‘इतर’ एवढाच शब्द आला. त्यांनाही नावं आहेत, गावं आहेत. तुमच्या वार्ताहराने ठेकेदारांकडून आणि पोटठेकेदारांकडून हजेरीपट मागावेत, ज्यांची नावं त्यात नाहीत त्यांची सोबत्यांकडे चौकशी करावी आणि पूर्ण यादी पहिल्या पानावर छापावी.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर, चिपळूण