कोपीवरच्या मुलांच्या हाती कॅमेरा देताना

प्रिय नीलिमा,

सप्रेम नमस्कार.

ऊसतोडीच्या तळावर कोपीत (मजुरांच्या तात्पुरत्या खोपटात) राहणाऱ्या आठ ते तेरा वर्षांच्या मुलांशी त्यांनीच काढलेले फोटो घेऊन बोलायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. फोटो कसा आलाय याला फारसं महत्त्व देऊ नकोस. तो हातात धरून मूल काय बोलतं, ते तुझं साहित्य. फोटो समोर असला की मुलाखत लवकर थकत नाही, हे मानववंशशास्त्रज्ञ जॉन कोलिअर यांनी १९५७ च्या लेखात नोंदवलं होतं. मुलांना आणखी एक सोय होते: तुझ्याकडे न बघता फोटोकडे बघत बोलता येतं.

चित्रांनी सुरुवात करशील, पण नुसतं 'चित्र काढ' म्हणू नकोस. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि नारळाचं झाड हाती येईल. शाळेत 'छान' मिळतं ते त्यालाच. 'कोपीपासून पाण्यापर्यंत कशी जातेस ते दाखव' म्हण. चौघापाचजणांना राखेने जमिनीवर नकाशा काढू दे, खडे-चिपाडं मांडू दे. पाय लागून तो पुसला जातोच, म्हणून पाच-पाच मिनिटांनी एकाच बाजूने फोटो घेत राहा.

कॅमेऱ्यासाठी जुने साधे फोन चालतील. सिम काढ, नेट बंद, लोकेशनही बंद; नाहीतर फोटोच्या फाइलमध्ये तळाचा ठिकाणा नोंदला जातो. चार्जिंगची सोय नसेल हे धरून पॉवर बँक ने. दोन दिवस, वीस फोटो पुरे. कोपीत अंधार असतो, बरेच फोटो काळे किंवा हललेले येतील. ते पुसू नकोस. काळ्या फोटोवरही मूल 'इथं आई भाकरी करत होती' असं सांगू शकतं. प्रत्येक फोटोला 'बटण कोणी दाबलं?' हे विचारच, कारण मोठा भाऊ फोन घेतो आणि सगळे ओळीत उभे राहतात.

मग ४ बाय ६ इंचाच्या प्रिंट काढ, मागे नंबर घाल, मुलाला पाच निवडू दे आणि हव्या त्या क्रमाने मांडू दे. तीस-चाळीस मिनिटं, कोपीबाहेर, आईला दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. 'हे काय आहे?' विचारलंस की मुलाला परीक्षा वाटते. 'तू कुठं उभी होतीस?', 'या कडेच्या पलीकडे काय होतं?' असं विचार. आणि शेवटी, 'काढायचा होता पण काढला नाही असा कुठला?' सगळ्यात जास्त सांगून जाणारं उत्तर बहुधा याच प्रश्नाला मिळतं. मूल 'हे बघ, इथं' म्हणालं की लगेच मोठ्याने म्हण, 'सात नंबर, डावीकडचा हंडा'. नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसतं 'इथं' उरेल आणि महिन्याभराने तुलाच कळणार नाही.

संमतीत घाई नको. आईवडिलांची संमती हवीच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी संमतीही लागते. बोलण्याची आणि फोटो छापण्याची संमती वेगवेगळी घे. बोलायचं नसेल तर फोटो पालथा घालायचा, एवढी खूण ठरव. पालथा पडला की पुढे काही विचारायचं नाही. 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे.

मला सर्वात जास्त काळजी वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) मोळ्या वाहणाऱ्या मुलांच्या फोटोंची वाटते. घराने मुकादमाकडून, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. असा फोटो बाहेर गेला तर मुकादम आधी त्या आईबापांना धरील. चेहरा धूसर करून भागत नाही, कपड्यांवरून, कोपीवरून माणूस ओळखू येतो. तो फोटो छापू नकोस, मुलाचे शब्द छाप.

प्रिंटचा एक संच प्रत्येक मुलाला दे, आणि तो फेब्रुवारीतच दे. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की तळ एका रात्रीत मोडतो, मग कोण कुठल्या गावी गेलं ते सापडत नाही.

तुझी,
सुमेधा