निर्णय न देण्याच्या अधिकारालाही मुदत हवी

संपादक महोदय,

विधान परिषदेवरील राज्यपालनियुक्त १२ आमदारांची यादी वाचकांच्या स्मरणात असेल. तत्कालीन महाविकास आघाडी सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये ती राजभवनात पाठवली. राज्यपालांनी ती मंजूर केली नाही आणि नाकारलीही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की वाजवी वेळेत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे आणि आठ महिने हा पुरेसा काळ होता. तरीही घोंगडे भिजतच राहिले. पुढे सरकार बदलले आणि नव्या सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये ती यादीच मागे घेतली. त्या रिकाम्या जागांपैकी सात जागांवर शपथविधी झाला तो १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, आणि त्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली.

न्यायालय मोठे की संसद, की सरकार, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो. महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत जे अनुभवले, त्यावरून मला वाटते की जो कोणी एखादा विषय हवा तितके दिवस अडकवून ठेवू शकतो, त्याच्याच हाती आज खरी सत्ता आहे. या दोषातून तिन्ही यंत्रणांपैकी एकही सुटत नाही.

शिवसेनेतील फुटीचेच पाहा. जून २०२२ मध्ये विधानसभेला अध्यक्षच नव्हते. ते पद फेब्रुवारी २०२१ पासून रिकामे होते. उपाध्यक्षांनी बंडखोर गटातील १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा दिल्या आणि उत्तरासाठी २७ जूनच्या सायंकाळपर्यंत मुदत दिली. सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. दोनच दिवसांनी, राज्यपालांनी सरकारला घ्यायला सांगितलेल्या बहुमत चाचणीला स्थगिती देण्यास मात्र त्याच न्यायालयाने नकार दिला. मुख्यमंत्र्यांनी त्या रात्री राजीनामा दिला आणि ३० जूनला नवे सरकार आले. ज्यांच्या पात्रतेचाच प्रश्न टांगलेला होता, त्यांच्या बळावर सत्तांतर होऊन गेले. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश चुकीचा ठरवला, पण राजीनामा आधीच दिलेला असल्याने जुने सरकार परत आणता येणार नाही, असेही सांगितले. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी ‘वाजवी वेळेत’ द्यावा, असा आदेश होता. न्यायालयाने पुन्हा कान टोचल्यावर, मुदत घालून दिल्यावर आणि ती वाढवून दिल्यावर निर्णय आला तो १० जानेवारी २०२४ रोजी. त्याला आव्हान देणाऱ्या याचिकांचा निकाल लागण्यापूर्वीच नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी विधानसभा निवडून आली. ज्या सभागृहात बसण्याच्या हक्काविषयी हा खटला होता, ते सभागृहच उरले नाही. कोणता गट बरोबर होता, याविषयी मतभेद असू शकतील. पण मतदाराला उत्तर वेळेत मिळायला हवे होते, याविषयी नसावेत.

पक्षांतरबंदीसाठी १९८५ मध्ये राज्यघटनेत दहावे परिशिष्ट आले, पण त्यात अध्यक्षांना कालमर्यादा नाही. मणिपूरमधील आमदार अपात्रतेच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांचा काळ सुचवला आणि हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असे म्हटले. जुलै २०२५ मध्ये तेलंगणातील १० आमदारांच्या प्रकरणात तीच तक्रार पुन्हा न्यायालयापुढे आली. संसद हललेली नाही. सत्तेवर कोणीही असो, आपला अध्यक्ष आणि त्याची ढिलाई प्रत्येकालाच सोयीची वाटते.

राज्यपालांविषयी न्यायालयाने प्रयत्न करून पाहिला. एप्रिल २०२५ मध्ये राज्यपालांनी अडकवून ठेवलेली तामिळनाडूची १० विधेयके न्यायालयानेच संमत झाल्याचे मानले आणि अशा निर्णयांसाठी मुदती आखून दिल्या. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिले की राज्यघटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही आणि संमती गृहीतही धरू शकत नाही. फार तर, विनाकारण प्रदीर्घ विलंब झाल्यास निर्णय घ्या, एवढेच सांगू शकते. मला हे मत पटते. मुदत लिहिण्याचे काम संसदेचे आहे, आणि म्हणूनच संसदेने ते टाळू नये.

नुसती मुदत लिहूनही भागत नाही, हे महापालिकांनी दाखवले. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करावी, असे राज्यघटना स्वच्छ सांगते. तरी २०२२ मध्ये मुदत संपलेल्या मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांवर जवळजवळ चार वर्षे प्रशासक होते. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात पडून होते आणि सरकारला घाई नव्हती. आमच्या प्रभागात नगरसेवकाच्या कार्यालयाच्या पाटीवर नावाआधी ‘माजी’ हा शब्द वेगळ्या रंगात घुसवलेला होता. आत खुर्च्या होत्या, माणूसही बसलेला असे, पण सही करण्याचा अधिकार नव्हता. तुंबलेल्या ड्रेनेजची तक्रार घेऊन गेलेल्या बायका तिथून क्षेत्रीय कार्यालयात जात आणि तिथून ‘साहेब मीटिंगला आहेत’ हे उत्तर घेऊन परतत.

तोडगा राज्यघटनेतच आहे. धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाविषयीचे) विधान परिषदेने १४ दिवसांत परत केले नाही, तर ते दोन्ही सभागृहांनी संमत केल्याचे मानले जाते. मुदत चुकली तर पुढे काय, हे तिथेच लिहिलेले असल्याने कोणी अडवून ठेवू शकत नाही. हाच नियम अन्यत्र यावा. अपात्रतेचा अर्ज ९० दिवसांत निकाली निघाला नाही, तर तो आपोआप उच्च न्यायालयाकडे जावा. राज्यपालांनी विधेयक ठरावीक काळात परत केले नाही, तर संमती मानली जावी. आणि निवडून आलेल्या सभागृहाच्या अस्तित्वाशी निगडित खटले त्या सभागृहाची मुदत संपण्याआधी निकाली काढण्याचे बंधन न्यायालयांवरही असावे. महाराष्ट्रातील लोकसभेच्या ४८ खासदारांपैकी कोणत्याही पक्षाच्या एकाने तरी यासाठी खासगी विधेयक मांडावे, अशी माझी मागणी आहे. ते मांडणाऱ्याला आम्ही पक्ष न पाहता पाठिंबा देऊ.

आपला,
एक मतदार